टर्मिनलवरून ईमेलला फाइल जोडून पाठवणे: मेल, मट, कर्ल वगैरे

शेलशिकाऊ:
दोन लिनक्स सर्व्हर आहेत, एक डेबियन आणि एक रेड हॅट परिवारातला. दोन्हींवर पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) एक पीडीएफ अहवाल तयार होतो आणि तो ईमेलला जोडून जायला हवा. स्क्रिप्ट दोन्हीकडे अक्षरशः तीच आहे. मजकूर पाइपमधून 'मेल' कमांडला दिलाय, विषयासाठी '-एस', फाइलसाठी लहान '-ए' आणि शेवटी पत्ता. रेड हॅटवरून अहवाल व्यवस्थित येतो. डेबियनवरून ईमेल येतं, पण फाइल नसते. एररही दिसत नाही, एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली का ते सांगणारा आकडा) ० असतो. कुठे पाहू?

(कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितोय, टंकताना अर्थातच रोमन. लहान आणि मोठ्या अक्षराचा फरक असेल तिथे तसं स्पष्ट लिहा, प्लीज.)

पाइपवाला:
लहान-मोठ्याचाच घोळ आहे तुमचा. 'मेल' हा एकच प्रोग्राम नाही. त्या नावाखाली निदान तीन वेगवेगळे प्रोग्राम फिरतात आणि '-ए'चा अर्थ तिघांत सारखा नाही.

बीएसडी-मेलएक्स: लहान '-ए' म्हणजे जादा हेडर, ईमेलच्या मथळ्यातली माहितीची ओळ. फाइल जोडायची सोयच यात नाही. तुम्ही दिलेलं फाइलचं नाव तो हेडरची ओळ समजतो आणि ईमेल रवाना करतो. त्याच्या लेखी काही चुकलेलंच नाही, म्हणून एररही नाही.

जीएनयू मेलयुटिल्स: यातही लहान '-ए' म्हणजे हेडरच. फाइल जोडायला मोठा '-ए', किंवा लांब रूपात '--अटॅच'.

हेअरलूम मेलएक्स आणि त्याचा वारस एस-नेल: यात लहान '-ए' म्हणजे फाइल. रेड हॅट परिवारात ७ आणि ८ मध्ये हेअरलूम येतो, ९ मध्ये एस-नेल. म्हणून तुमची स्क्रिप्ट तिथे चालते.

आपल्याकडे नक्की कोण बसलाय ते असं पाहा:

रीडलिंक -एफ "$(कमांड -व्ही मेल)"

डेबियनवर 'मेल' ही नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) असते, ती 'इटीसी'तल्या 'अल्टरनेटिव्ह्ज'मधून फिरून खऱ्या प्रोग्रामपर्यंत जाते. उत्तराच्या शेवटी 'बीएसडी-मेलएक्स' दिसलं तर निदान झालं. 'मेल डॉट मेलयुटिल्स' दिसलं तर फक्त अक्षर मोठं करा.

आणखी एक. मेलयुटिल्स फाइलचा प्रकार स्वतः ओळखत नाही, सांगितलं नाही तर 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम' लावतो. फाइल पोचते, पण काही मेल प्रोग्राम तिचं पूर्वदर्शन दाखवत नाहीत. '--कंटेंट-टाइप=ॲप्लिकेशन/पीडीएफ' हे मोठ्या '-ए'च्या आधी द्या. तो पर्याय पुढच्या फाइलींना लागू होतो, मागच्या नाही.

शेलशिकाऊ:
बीएसडी-मेलएक्सच निघाला. मग प्रत्येक मशीनवर वेगळी कमांड लिहायची का?

मटप्रेमी:
नाही. 'मेल'च्या नादी लागू नका, दोन्हीकडे मट हा टर्मिनलवरचा ईमेल प्रोग्राम टाका. सगळीकडे वागणूक सारखी मिळते:

इको "आजचा अहवाल सोबत जोडला आहे." | मट -एस "दैनिक अहवाल" -ए अहवाल.पीडीएफ -- पत्ता

इथे '-ए' लहान आहे. मधल्या दोन आडव्या रेघा शोभेच्या नाहीत, त्या सक्तीच्या आहेत. मटचा '-ए' एकापाठोपाठ कितीही फाइली घेतो, त्यामुळे फाइलींची यादी कुठे संपली आणि पत्ते कुठे सुरू झाले हे त्याला या रेघांवरूनच कळतं. त्या गाळल्यात तर तो पत्त्यालाच फाइल समजून 'जोडता येत नाही' म्हणून थांबतो. '-ए' नेहमी बाकीच्या पर्यायांनंतर, रेघांच्या लगेच आधी ठेवा.

याचाच फायदा असा की '-ए *.पीडीएफ --' असं लिहिलं की फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ जातात. एस-नेल आणि मेलयुटिल्समध्ये प्रत्येक फाइलसाठी पर्याय पुन्हा लिहावा लागतो.

मजकूर नकोच असेल तर इनपुट '/डेव्ह/नल'मधून द्या. इनपुट दिलंच नाही तर मट आपली खिडकी उघडून तुमच्या उत्तराची वाट बघत बसतो.

आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: मट पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची प्रत होम फोल्डरमधल्या 'सेंट' नावाच्या फाइलमध्ये ठेवतो, जोडलेल्या फाइलींसकट. रोज ५ एमबीचा अहवाल धरला तर वर्षाला अडीच जीबी कुणालाही न कळता साठतात. '-ई "सेट कॉपी=नो"' लावून टाका.

रात्रपाळी:
मटवर सहमत. पण क्रॉन म्हणालात म्हणून त्याचे सापळे आताच सांगून ठेवतो. हाताने चालवलेली कमांड क्रॉनमध्ये अडते ती बहुतेक वेळा यांच्यामुळेच.

टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबच्या ओळीत % म्हणजे नवी ओळ. फाइलच्या नावात तारीख घालायला 'डेट +%एफ' लिहिलंत की क्रॉन पहिल्या टक्क्याशी कमांड तोडतो आणि उरलेला भाग तिला इनपुट म्हणून देतो. प्रत्येक % आधी उलटी तिरपी रेघ द्या, नाहीतर सगळं स्क्रिप्ट फाइलमध्ये ठेवून क्रॉनमधून फक्त ती स्क्रिप्ट बोलवा. मी यातला दुसरा उपायच सुचवेन. क्रॉनटॅबच्या ओळीत जितकं कमी, तितकं बरं.

भाषा. क्रॉन तुमची लोकेल (भाषा आणि अक्षरसंच) सेटिंग्ज उचलत नाही. विषय मराठीत असेल तर टर्मिनलवरून व्यवस्थित जातो आणि क्रॉनमधून गेल्यावर त्याची प्रश्नचिन्हं होतात. स्क्रिप्टच्या वरच्या भागात 'एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८' टाका. ती लोकेल मशीनवर आहे का ते 'लोकेल -ए'ने बघून घ्या, हा '-ए' लहान.

मार्ग. क्रॉनचा 'पाथ' तोकडा असतो. प्रोग्राम आणि फाइल दोन्हींचा पूर्ण मार्ग द्या.

अर्धवट फाइल. अहवाल लिहून पूर्ण व्हायच्या आतच मेलची कमांड सुटली तर पीडीएफ तुटका जातो आणि समोरच्याला उघडत नाही. अहवाल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर 'एमव्ही'ने खरं नाव द्या. एकाच फाइलसिस्टीमवर हे नामांतर एका झटक्यात होतं, मध्ये अर्धी अवस्था नसते. पाठवण्याआधी '[ -एस फाइल ]' तपासा, म्हणजे रिकामी फाइल जाणार नाही.

शेलशिकाऊ:
मटने चाचणीची ५० केबीची फाइल पोचली. खरा अहवाल ९ एमबीचा आहे, तो मात्र जात नाही. सर्व्हरवर ईमेल रवाना करायला पोस्टफिक्स हा प्रोग्राम आहे आणि त्याची मर्यादा १० एमबी आहे असं वाचलं. मग ९ एमबी का अडावी?

टपालपेटी:
कारण तारेवरून ९ एमबी जात नाहीत, १२ च्या पुढे जातात. हा हिशेब एकदा नीट समजून घ्या, पुढे कायम कामाला येईल.

ईमेलची मूळ वाट ७ बिटांच्या साध्या मजकुरासाठी बांधलेली. पीडीएफसारखी बायनरी फाइल तिच्यावर सुखरूप जावी म्हणून १९९२ मध्ये माइम हे मानक आलं. त्यातली बेस६४ पद्धत फाइलचे ३ बाइट घेते आणि त्यांची ४ साधी अक्षरं करते. प्रत्येक ओळीत ७६ अक्षरं, म्हणजे मूळचे ५७ बाइट. ओळ संपल्याच्या खुणेचे आणखी २ बाइट धरले की ५७ चे ७८ झाले. एकूण वाढ सुमारे ३७ टक्के.

पोस्टफिक्समध्ये 'मेसेज_साइझ_लिमिट' मुळात १०२४०००० बाइट असतं आणि ते एन्कोड झालेल्या अख्ख्या ईमेलला लागू होतं. १.३७ ने भागलंत तर मूळ फाइल सुमारे ७४ लाख ७० हजार बाइटच्या आत हवी, म्हणजे ७ एमबी धरून चाला. जीमेलचे २५ एमबीही याच हिशेबाने प्रत्यक्षात १८ च्या आसपास येतात.

तुमच्या सर्व्हरची मर्यादा 'पोस्टकॉन्फ मेसेज_साइझ_लिमिट'ने दिसेल. ती वाढवता येते, 'पोस्टकॉन्फ -ई'ने नवा आकडा द्या आणि पोस्टफिक्स रीलोड करा. पण ईमेल वाटेत जितक्या सर्व्हरांतून जातं, त्या प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. तुम्ही ५० एमबी केलीत तरी पलीकडचा ५५२ हा कोड देऊन परत लावणारच.

पीडीएफ झिप करून फारसा उपयोग होत नाही, आतला मजकूर आधीच दाबलेला असतो. सीएसव्ही आणि लॉग मात्र जीझिपने पुष्कळ आक्रसतात.

तुकडे करायचेच असतील तर:

स्प्लिट -बी ६एम अहवाल.पीडीएफ भाग.

'भाग.एए', 'भाग.एबी' असे तुकडे होतील. घेणाऱ्याने 'कॅट भाग.* > अहवाल.पीडीएफ' केलं की पुन्हा जुळले. मूळ फाइलचा एसएचए२५६ बेरीज-आकडा ईमेलच्या मजकुरात लिहा, म्हणजे जुळवणी बरोबर झाली का ते त्यांना तपासता येईल. खरं सांगायचं तर १५ एमबीच्या वर ईमेलचा हट्ट सोडावा, फाइल सर्व्हरवर ठेवून दुवा पाठवावा. ईमेल ही मोठ्या फाइलींची वाहतूक नाही.

पाइपवाला:
+१. आणि 'एक्झिट कोड ०' म्हणालात त्याबद्दल. ० म्हणजे 'स्थानिक सर्व्हरने रांगेत घेतलं', इतकंच. पोचलं असा त्याचा अर्थ नाही. रांगेत अडकलंय का ते 'मेलक्यू'ने बघा. मग डेबियनवर '/व्हार/लॉग/मेल.लॉग' किंवा 'जर्नलसीटीएल' उघडा आणि तो रांग-क्रमांक शोधा. ओळीच्या शेवटाकडे 'स्टेटस=' असतं. 'सेंट' म्हणजे पुढच्या सर्व्हरने स्वीकारलं, 'डिफर्ड' म्हणजे नंतर पुन्हा प्रयत्न होईल, 'बाउन्स्ड' म्हणजे कायमचं नाकारलं. कारण त्याच ओळीत कंसात असतं, आणि ते वाचलं की निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच मिळतं.

डिफर्ड ईमेल पोस्टफिक्स मुळात ५ दिवस रांगेत ठेवतो. म्हणजे सोमवारी अडकलेल्या अहवालाची वाईट बातमी शनिवारी कळू शकते. दैनिक अहवालासाठी 'मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम' १ दिवसावर आणणं शहाणपणाचं.

कोरा_सर्व्हर:
धाग्यात मधेच शिरतो. माझ्याकडे मट नाही, पोस्टफिक्स नाही, काही इन्स्टॉल करायची परवानगीही नाही. कर्ल (नेटवरून माहिती पाठवणारी-आणणारी कमांड) आहे. जमेल का?

टपालपेटी:
जमेल. कर्ल ७.५६.० पासून, म्हणजे २०१७ पासून, '-एफ' पर्याय ईमेललाही चालतो आणि माइमची बांधणी कर्ल स्वतः करतो. हा '-एफ' मोठा. कमांड लांब आहे म्हणून तुकड्यांनी सांगतो:

'--यूआरएल' मध्ये 'एसएमटीपीएस://सर्व्हर:४६५'. पोर्ट ५८७ असेल तर 'एसएमटीपी://' लिहा आणि सोबत '--एसएसएल-रेक्ड' द्याच. ते नसेल तर कर्ल टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) मागणार नाही आणि पासवर्ड उघडा जाऊ शकतो.

'--मेल-फ्रॉम' आणि '--मेल-आरसीपीटी' हे पाकिटावरचे पत्ते. समोरच्याला दिसणारे 'फ्रॉम', 'टू', 'सब्जेक्ट' वेगळे, ते मोठ्या '-एच'ने द्यायचे. हे विसरलात तर ईमेल पोचतं पण बिनविषयाचं आणि बिनपत्त्याचं, आणि स्पॅममध्ये जाऊन पडतं.

मजकूर: -एफ '=अहवाल सोबत आहे;टाइप=टेक्स्ट/प्लेन'
फाइल: -एफ 'फाइल=@अहवाल.पीडीएफ;टाइप=ॲप्लिकेशन/पीडीएफ;एन्कोडर=बेस६४'

'एन्कोडर=बेस६४' गाळू नका. ते नसेल तर बायनरी तशीच वाटेला लागते.

पासवर्ड '--यूजर'मध्ये लिहू नका, शेलच्या इतिहासात राहतो. '--नेटआरसी-फाइल' वापरा आणि त्या फाइलला परवानगी ६०० द्या. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

कोरा_सर्व्हर:
पोर्ट २५ वर का नाही चालत? कनेक्शन लटकूनच राहतं.

पाइपवाला:
बहुतेक क्लाउड आणि इंटरनेट सेवा बाहेर जाणारा पोर्ट २५ स्पॅमच्या भीतीने बंद ठेवतात. तो पोर्ट सर्व्हर ते सर्व्हर बोलण्यासाठी आहे. लॉगिन करून पाठवणाऱ्याने ५८७ किंवा ४६५ वापरायचे.

हातघडण:
कर्लही जुना असेल आणि ईमेल रवाना करणारी 'सेंडमेल' बायनरी तेवढी असेल तर माइम हाताने रचता येतं. ओळींचा क्रम असा:

मथळे: 'टू', 'सब्जेक्ट', 'माइम-व्हर्जन: १.०', आणि 'कंटेंट-टाइप: मल्टिपार्ट/मिक्स्ड; बाउंडरी="सीमा१२३"'.
एक कोरी ओळ.
'--सीमा१२३', त्याखाली मजकुराचा कंटेंट-टाइप (यूटीएफ-८ सह) आणि 'कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग: ८बिट', कोरी ओळ, मजकूर.
'--सीमा१२३', त्याखाली फाइलचा कंटेंट-टाइप, 'कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग: बेस६४', 'कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट; फाइलनेम="…"', कोरी ओळ, मग 'बेस६४ अहवाल.पीडीएफ'चं आउटपुट.
शेवटी '--सीमा१२३--'.

(इथे 'सीमा' हा शब्द समजण्यापुरता लिहिला, प्रत्यक्षात साधी रोमन अक्षरं आणि आकडे घ्या.)

हे सगळं 'सेंडमेल -टी -आय'ला पाइप करा, दोन्ही अक्षरं लहान. '-टी'मुळे पत्ते हेडरमधून उचलले जातात. '-आय' नसेल तर मजकुरात नुसता एक टिंब असलेली ओळ आली की सेंडमेल ईमेल तिथेच संपलं असं मानतो आणि पुढचं सगळं, फाइलसकट, गळून पडतं.

चुका होतात त्या अशा. भागाच्या हेडरनंतरची कोरी ओळ राहिली तर फाइल रिकामी किंवा तुटकी दिसते. शेवटच्या सीमेमागच्या दोन रेघा राहिल्या तर काही प्रोग्राम सांभाळून घेतात, काही शेवटचा भाग दाखवतच नाहीत. आणि बेस६४ ला '-डब्ल्यू ०' देऊ नका. त्याने अख्खी फाइल एका ओळीत येते आणि ईमेलच्या ओळीला ९९८ अक्षरांची मर्यादा आहे. एक्झिमसारखा सर्व्हर असं ईमेल 'ओळी फार लांब' म्हणून परत लावू शकतो. मॅकवरचा बेस६४ मुळातच ओळी तोडत नाही, तिथे '-बी ७६' द्यावं लागतं.

मराठी विषय हाताने लिहायचा तर '=?यूटीएफ-८?बी?' आणि '?=' यांच्या मध्ये बेस६४ मजकूर येतो. असा एक तुकडा ७५ अक्षरांच्या आत बसला पाहिजे. वेष्टणाची १२ गेली, उरली ६३, बेस६४ चार-चारच्या गटात चालतं म्हणून ६० धरा. ६० म्हणजे मूळचे ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे एका तुकड्यात फक्त १५ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं मोजायची. 'दैनिक अहवाल' घ्या: द, ऐची मात्रा, न, वेलांटी, क, मग जागा, अ, ह, व, काना, ल. १० देवनागरी चिन्हांचे ३० बाइट आणि जागेचा १, एकूण ३१. सहज बसतं. लांब विषय असेल तर दोन तुकडे करा, आणि एका चिन्हाचे ३ बाइट दोन तुकड्यांत विभागू देऊ नका.

मटप्रेमी:
सुरेख प्रतिसाद. यासाठीच मट, हे सगळं तो स्वतः करतो! फाइलचं नाव मात्र रोमनमध्येच ठेवा. देवनागरी नाव पाठवण्याचं मानक आहे, पण सगळे मेल प्रोग्राम ते सारखं वाचत नाहीत, आणि घेणाऱ्याला विचित्र नावाची फाइल मिळते.

शेलशिकाऊ:
९ एमबीच्या अहवालातली चित्रं लहान करून तो ४ एमबीवर आणला. आता पोचतोय. रेड हॅटवर एक नवीनच दिसलं: तिथे अजून 'मेल'च आहे, मजकूर म्हणून लॉगचा शेवटचा भाग पाठवतो. कधीकधी मजकूर रिकामा येतो आणि 'एटीटी००००१.बिन' नावाची फाइल जोडलेली दिसते. ती मी जोडलेली नाही.

रात्रपाळी:
तो तुमचा मजकूरच आहे. हेअरलूम मेलएक्सला मजकुरात नियंत्रण-चिन्ह दिसलं, किंवा चालू लोकेलमध्ये न बसणारं अक्षर दिसलं, की तो सगळ्या मजकुराला बायनरी ठरवतो. घेणाऱ्याच्या मेल प्रोग्रामला नाव मिळत नाही, म्हणून तो असं काहीतरी नाव देतो. लॉगमध्ये विंडोजछाप ओळ-शेवट असतील तर 'टीआर -डी "\आर"'मधून गाळून घ्या, रंगांची एस्केप चिन्हं असतील तर तीही काढा, आणि लोकेल वर सांगितल्याप्रमाणे यूटीएफ-८ ठेवा. 'टीआर -सीडी "[:प्रिंट:]\एन"' असा उपाय जागोजागी सुचवलेला दिसेल. मराठी मजकूर असेल तर तो वापरू नका, सगळी देवनागरी चाळून टाकेल.

शेलशिकाऊ:
ओळ-शेवटच निघाले, गाळल्यावर मजकूर व्यवस्थित. शेवटचा प्रश्न: अहवालात लोकांचे खाते क्रमांक आहेत. बेस६४ केल्यावर वाटेत कुणाला वाचता येणार नाही ना?

टपालपेटी:
येईल. बेस६४ ही नुसती लिपी बदलणं आहे, कुलूप नाही. 'बेस६४ -डी' केलं की मूळ फाइल हातात. टीएलएस फक्त एका सर्व्हरपासून पुढच्या सर्व्हरपर्यंतची वाट झाकतं, मधल्या प्रत्येक सर्व्हरवर आणि घेणाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये फाइल उघडीच असते.

जोडण्याआधी फाइल जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने बंद करा. घेणाऱ्याची सार्वजनिक किल्ली असेल तर:

जीपीजी --बॅच -ई -आर पत्ता -ओ अहवाल.पीडीएफ.जीपीजी अहवाल.पीडीएफ

'-ई', '-आर', '-ओ' तिन्ही लहान. क्रॉनमध्ये '--बॅच' हवंच, नाहीतर जीपीजी प्रश्न विचारायला टर्मिनल शोधतो. किल्ली आधी एकदा तपासून स्वाक्षरीने विश्वासार्ह ठरवा, नाहीतर बॅचमध्ये 'विश्वास नाही' म्हणून नकार मिळतो. किल्ली नसेल तर '-सी'ने परवलीचा शब्द लावता येतो, तो शब्द फोनवर सांगा, त्याच ईमेलमध्ये नको. साध्या झिपच्या '-ई'वर विसंबू नका, ते जुनं एन्क्रिप्शन कच्चं आहे. आणि जीपीजी संपल्यावर त्याचा एक्झिट कोड तपासूनच मटला हात लावा, म्हणजे एन्क्रिप्शन फसलं तर त्या दिवशी काहीच जाणार नाही.

शेलशिकाऊ:
'&&'ने जोडलं. किल्ली मुद्दाम काढून पाहिली: जीपीजी थांबला, ईमेल गेलं नाही. किल्ली परत घातल्यावर दोन्ही सर्व्हरवरून '.जीपीजी' फाइल पोचली, उघडली, एसएचए२५६ जुळला.